गादी घ्यायची तर पाठीसाठी घ्या

कापसाच्या पहिल्या दोन वेचण्या झाल्या, थोडे पैसे हातात आले, आणि पुढे लग्नसराई आहे. दर वर्षी या दिवसांत गटाच्या बैठकीत एक विषय निघतोच : घरात नवी गादी घ्यायची, कोणती घ्यावी? कुणाच्या लेकीच्या लग्नात पलंग-गादी द्यायची असते, कुणाच्या सासूबाईंना खाली बसून उठता येत नाही, कुणाची स्वतःचीच पाठ धरलेली असते. म्हणून आजच्या बोलण्यात गादी.

आधी एक गोष्ट विचारतो. तुमच्या घरात गादीवर झोपतं कोण? आम्ही गावोगाव बैठका घेतो तेव्हा हे सहज विचारतो. उत्तर बहुतेक ठिकाणी सारखंच येतं. पलंगावर घरधनी नाही तर सासरे, दुसरी गादी पाहुण्यांसाठी माळ्यावर गुंडाळून ठेवलेली, आणि बाई खाली चटईवर वाकळ टाकून लेकरांजवळ. दिवसभर कमरेला ओटी बांधून वाकून कापूस वेचणारी तीच, आणि रात्री फरशीवर पाठ टेकणारीही तीच. तेव्हा गादीचा हिशोब मांडताना पहिला प्रश्न किमतीचा नको, कुणासाठी घेतोय हा असू द्या. ज्याच्यासाठी घ्यायची त्याचं वजन, त्याचं दुखणं, तो कुशीवर झोपतो का उताणा, यावर सगळं ठरतं. लग्नात द्यायची गादी बहुतेक वेळा मांडवात दिसायला घेतात. जाड, फुगीर, चकचकीत कापडाची. त्यावर झोपायचं कुणाला आहे, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खालचा आधार. गादी बदलण्याआधी ती ज्यावर पडणार ते बघा. बाजेची नवार किंवा दोरी सैल झाली असेल तर वर कितीही महागाची गादी टाका, माणूस झोळीत झोपल्यासारखाच झोपणार. आधी बाज ओढून घट्ट करा. आठ दिवस झोपून बघा. कधी कधी तेवढ्यानेच काम होतं आणि गादीचे पैसे वाचतात. दिवाणाच्या फळ्या मधे वाकल्या असतील तर त्याही बदलून घ्या. पलंग असेल तर गादीसकट त्याची उंची मोजा. कडेला बसल्यावर दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गादीच्या मऊपणापेक्षा ही उंची जास्त महत्त्वाची असते.

आता कडक का मऊ? आपल्याकडे पाठ दुखली की पहिला सल्ला येतो, “फळीवर झोप.” हा सल्ला आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. पण यावर स्पेनमध्ये डॉक्टरांनी नीट तपासणी केलेली आहे. बरेच दिवस कंबर दुखणाऱ्या 313 माणसांना त्यांनी दोन गटांत वाटलं. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. कुणाला कोणती दिली हे त्यांना सांगितलं नाही. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. 2003 साली हे ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं. याचं कारण समजायला सोपं आहे. आपली पाठ फळीसारखी सरळ नसते. कंबरेत ती आत जाते, खांदे आणि कुल्ले बाहेर येतात. फळीवर झोपलं की खांदे आणि कुल्लेच टेकतात, कंबर रात्रभर अधांतरी राहते आणि तिथले स्नायू ताणलेले राहतात. फार मऊ गादीवर उलटं होतं, जड भाग बुडतो आणि पाठीची कमान होते. गादीने बुडू तर द्यायचं, पण बेतानं.

हे घरी किंवा दुकानात तपासायची एक सोपी पद्धत आहे. गादीवर उताणं झोपा आणि बरोबरच्या बाईला तुमच्या कंबरेखाली तळहात सरकवायला सांगा. हात अगदी मोकळा इकडून तिकडे गेला तर गादी कडक आहे. हात शिरतच नसेल तर मऊ. थोडा अडकत अडकत गेला तर बरोबर. मग कुशीवर वळा आणि तिला मागून पाठीचा कणा बघायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसली पाहिजे, मधेच खाली वाकलेली नको. ज्या कुशीवर घरी झोपता त्याच कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. हाताने दाबून किंवा कडेला बसून काही कळत नाही.

इथे बाया हसतात. “ताई, दुकानात चार माणसांसमोर लोळायचं का?” लाज वाटते हे खरं आहे. पण साडी घेताना आपण दहा साड्या उलगडायला लावतो, भांडं घेताना वाजवून बघतो. गादी तर दहा वर्षं अंगाखाली राहणार. एकटीने जाऊ नका, जावेला, नणंदेला, गटातल्या दोघी-तिघींना बरोबर घ्या. एक जण दुकानदाराशी भावाचं बोलत राहील, एक जण आडोसा धरेल. परभणीत मोठ्या दुकानांमध्ये गर्दी नसते अशा दुपारच्या वेळी गेलं तर निवांत बघता येतं. झोपून बघू देत नाही असा दुकानदार असेल तर तिथून उठा.

आता गादीच्या आत काय असतं ते बघू. आपला जिल्हा कापसाचा. सेलू, मानवत, परभणीच्या बाजारात कापूस येतो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि रुई गाठी बांधून बाहेर जाते. असं असून आपण रुईची गादी सोडून फोमच्या मागे लागलो आहोत. आमचं मत विचाराल तर साध्या घरासाठी चांगल्या रुईची, नीट भरलेली गादी आजही सगळ्यात बरी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 अंशांपर्यंत जातो, आणि थंडीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपणच वाचतो. रुई घाम शोषून घेते, हवा खेळू देते. उन्हाळ्यात पाठ भाजत नाही आणि थंडीत ऊब मिळते. शिवाय ती दुरुस्त होते. बसलेली रुई पिंजली की पुन्हा फुलते. फोमची गादी एकदा बसली की बसली.

पण रुई कोणती, हे बघायला पाहिजे. तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब अशा एका माणसाच्या गादीला साधारण 10 किलो रुई लागते. त्याहून फार कमी असेल तर गादी वर्षभरात सतरंजी होते. घरचा कापूस वापरायचा असेल तर हिशोब असा : एक क्विंटल कापसातून 33 ते 35 किलो रुई निघते, म्हणजे 10 किलो रुईला 30 किलोच्या आसपास कापूस घालावा लागेल. तो जिनिंगमधून काढूनच घ्या. काही घरी हाताने सरकी काढतात. त्यात सरकी राहून जाते, मग गादीत खडे टोचल्यासारखं होतं, आणि उंदीर सरकीच्या वासावर येऊन गादी कुरतडतात. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला कशी खाज सुटते ते आपल्या बायांना सांगायला नको. भाव वाढेल म्हणून निम्मं घर कापसाने भरलेलं आणि लेकरं त्याच्यावरच झोपलेली, हे चित्र अजून दिसतं. तो कापूस म्हणजे गादी नाही. लेकरांना त्यापासून लांब झोपवा.

बाजारात तयार मिळणाऱ्या स्वस्त गाद्यांमध्ये पुष्कळदा रुई नसतेच. शिवणकामातल्या आणि गिरणीतल्या चिंध्या यंत्रात फाडून तयार केलेला रंगीबेरंगी, मळकट कापूस असतो. त्याचे धागे आखूड असतात म्हणून तो लवकर गोळा होतो आणि धूळ सोडतो. दम्याचा त्रास असलेल्या माणसाला तर तो अजिबात चालत नाही. ओळखायचं कसं? कोपऱ्याची शिवण दोन बोटं उसवून दाखवायला सांगा. चिमूटभर काढून दोन्ही हातांनी ओढा. चांगल्या रुईचे तंतू ताणले जातात आणि मग तुटतात, चिंधीचा कापूस लगेच सुटतो. खात्रीचा मार्ग म्हणजे पिंजाऱ्याला दारात बसवून समोर भरून घेणं. पूर्वी पिंजारी भाऊ धनुकी घेऊन यायचे आणि तिच्या तातीचा आवाज गल्लीभर घुमायचा. आता टेंपोत पिंजायचं यंत्र येतं. काम तासाभरात होतं, पण आपण समोर बसायचं, रुई तोलून घालायची, आणि मधल्या भागात, म्हणजे कंबर जिथे येते तिथे, थोडी जास्त भरायला सांगायचं. खोळीला गादीपाटाचं जाड, पट्ट्यांचं कापड घ्या. पातळ कापडातून रुई बाहेर येते. टाके जवळजवळ घालून घ्या, म्हणजे रुई एका कोपऱ्यात सरकत नाही. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजून घ्या, आणि मधल्या काळात आठवड्याला उलटी-पालटी करून पंधरा दिवसांनी उन्हात टाका.

रुईच्या गादीचा तोटाही सांगायला पाहिजे. ती जड असते. एकट्या बाईला रोज उचलून घडी घालणं जमत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींना ती बरोबर नेता येत नाही. ओली झाली तर वाळायला दोन दिवस लागतात. घरात अंथरूण ओलं करणारं लेकरू किंवा आजारी माणूस असेल तर वर मेणकापड आणि त्यावर चादर हवीच.

आता फोम. दुकानदार “32 डेन्सिटी”, “40 डेन्सिटी” असं म्हणतो आणि आपण मान हलवतो. त्याचा अर्थ एवढाच की एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच फोमचा ठोकळा केला तर त्याचं वजन 32 किंवा 40 किलो भरेल. हा आकडा कडकपणाचा नाही. तो फोम किती भरीव आहे हे सांगतो. भरीव फोम लवकर बसत नाही. म्हणजे आपल्या हातात एक काटा आला. सहा बाय तीन फुटांची, चार इंच जाड गादी 32 डेन्सिटीची असेल तर खोळ सोडून साडेपाच किलोच्या आसपास भरली पाहिजे, आणि 40 ची असेल तर पावणेसात किलोच्या. चार किलो भरली तर बोललेलं खरं नाही. वजनकाटा दुकानात मागा, नाही तर बिलावर डेन्सिटी लिहून घ्या आणि घरी आल्यावर तोला. मात्र वजन वाढवायला फोममध्ये खडूसारखी भुकटी घालण्याचेही प्रकार असतात, म्हणून तळहाताने जोरात दाबून सोडा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे.

याशिवाय फोमच्या तुकड्यांना दाबून केलेली बॉन्डेड फोमची गादी मिळते, ती कडक आणि जड असते, वजनदार माणसाला बरी पडते. काथ्याची गादी म्हणजे नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक मारून केलेली. ती हवेशीर असते, आपल्या उन्हाळ्याला चांगली, पण थोडी कडक. वर पातळ रुईची गादी किंवा जाड गोधडी टाकली की मध्यम होते. मेमरी फोम अंगाच्या आकाराप्रमाणे दबतो, पण ऊब धरून ठेवतो. लाईट गेलेल्या मे महिन्याच्या रात्री त्याच्यावर झोपून बघा म्हणजे कळेल. स्प्रिंगच्या गादीबद्दल फार बोलत नाही, ती उचलायला अवघड आणि बिघडली की दुरुस्ती नाही.

कोणतीही फोमची गादी थेट फरशीवर टाकू नका. पावसाळ्यात खालच्या बाजूला ओल धरते आणि काळी बुरशी येते. खाली चटई किंवा सतरंजी हवी, आणि सकाळी गादी भिंतीला उभी करून ठेवा. फोमला कडक उन्हातही ठेवू नका, तो पिवळा पडतो आणि भुगा होतो. सावलीत, वाऱ्याला ठेवा.

एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे. बाजेवर फोमची गादी असेल तर हे अजिबात करू नका. फोम पटकन पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आणि गादी कुठलीही असो, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की न दिसणारा, वास नसणारा कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्यात माय-लेकरू झोपेतच जाऊ शकतात. मच्छरची अगरबत्ती आणि दिवाही गादीपासून हातभर लांब ठेवा. तान्ह्या बाळासाठी गादी सपाट आणि घट्ट हवी. मऊ गादीत, उशीत, जाड दुपट्ट्यात बाळाचं नाक दबू शकतं, आणि त्याला मान वळवता येत नसते. वर्षाच्या आतल्या बाळाला उशीची गरज नाही. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. बाळाला उताणं झोपवा.

आता त्या चुंबकाच्या गादीबद्दल, कारण यात बायांचे सगळ्यात जास्त पैसे जात आहेत. मंगल कार्यालयात किंवा कुणाच्या तरी घरी कार्यक्रम ठेवतात, चहा देतात, एक जण उठून सांगतो की या गादीवर झोपून माझा संधिवात गेला, शुगर गेली. किंमत साध्या गादीच्या कितीतरी पट. वर सांगतात, तुम्ही अजून चार जणी आणा, तुमची गादी फुकट पडेल. आमच्या एका गटातल्या ताईने अशाच गादीसाठी कर्जाचा अर्ज दिला होता. तिची कंबर दोन वर्षं दुखत होती, आणि दवाखान्यात जाऊन रांगेत बसायला वेळ नव्हता. गटाने तो अर्ज मंजूर केला नाही. आधी जिल्हा रुग्णालयात दाखव, त्यासाठी आणि साध्या गादीसाठी पैसे देतो, असं ठरलं. ती नाराज झाली, दोन बैठका आली नाही. नंतर आली. तिची कंबर अजून पूर्ण बरी नाही, पण ती व्यायाम करते आणि वेचणीच्या दिवसांत दर तासाला सरळ उभी राहते. डोक्यावर मोठं कर्ज नाही. चुंबकाने दुखणं कमी होतं याला भरवशाचा पुरावा नाही. माणसं जोडत जाण्याच्या साखळी योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांतही अशा साखळीला मनाई आहे. पाठदुखीबरोबर पायात मुंग्या येत असतील, पाय लुळा पडत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल किंवा ताप येत असेल तर गादी बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

खरेदी कुठेही करा, पक्कं बिल घ्या. बिलावर आतलं भरण, मापं, जाडी आणि वॉरंटी किती वर्षांची ते लिहून घ्या. वॉरंटीचा कागद वाचा. पुष्कळदा त्यात असं असतं की गादीवर डाग पडला तर वॉरंटी संपली, म्हणून पहिल्या दिवसापासून वर खोळ घाला. टेंपोतून दारावर येणाऱ्या गाद्यांना ना बिल ना पत्ता, त्यामुळे शिवण उसवून बघितल्याशिवाय हात लावू नका. दुकानदाराने फसवलं आणि ऐकत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

ढेकणांचं विचारणं फार येतं. जुना पलंग, जुनी गादी आणि नवी गादी एकत्र आली की ढेकूण नव्या गादीत शिरतात. पलंगाच्या सांध्यांवर, फटींवर उकळतं पाणी ओता, खोळी आणि चादरी गरम पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवा. 50 अंशांच्या आसपास तापलं की ढेकूण आणि त्यांची अंडीही मरतात. पण कपाशीवर मारायचं औषध गादीवर मारू नका. शेतातलं उरलेलं औषध घरी आहेच, म्हणून फवारणारी घरं आम्ही पाहिली आहेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तर उघड्या रानात होते. गादीवर आपण तोंड टेकवून रात्रभर श्वास घेतो.

आणि जुनी गादी फेकू नका. तिच्यातली रुई काढून पिंजून घेतली तर दोन-तीन उशा आणि लेकरांची एक पातळ गादी निघते. काळी पडलेली, वास येणारी, ओलीने सडलेली रुई मात्र वेगळी काढा, ती उकिरड्यात घातली की तिचं खत होतं. फोमचे तुकडे चुलीत घालू नका.